पाडवा, परके नगर आणि जेवणाचे पान

परक्या शहरात सणाच्या दिवशी जेवावे कोठे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. एरवी तो क्षुल्लक असतोही. भूक लागली की समोर दिसेल त्या भोजनालयात शिरावे, एवढेच प्रवासाचे तंत्र. परंतु सणाचे जेवण केवळ भुकेपुरते नसते. त्या दिवशी पानात काय असावे हे घरातल्या कित्येक पिढ्यांनी ठरवून ठेवलेले असते, आणि बरोबर वडीलधारी माणसे असली तर ते पान चुकल्याची रुखरुख त्यांना दिवसभर लागून राहते. दिल्लीला येणारे सगळेच काही कुतुबमिनार पाहावयास येत नाहीत. कोणी 'एम्स'मध्ये रुग्णाला घेऊन आलेले असतात, कोणी मुखर्जीनगरात परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला भेटावयास येतात. अशांच्या वाट्याला सण आला, तर तो भोजनालयातच साजरा करावा लागतो.

आता दिल्लीत भोजनालयांची वाण मुळीच नाही. घोटाळा होतो तो पंचांगाचा. गुढीपाडव्याचेच पाहा. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपल्याकडे गुढी उभारली, कडुलिंब आणि गूळ खाल्ला की दुपारी श्रीखंडपुरीचे पान वाढले जाते. उत्तरेत त्याच तिथीला चैत्री नवरात्र बसते. म्हणजे आपला मेजवानीचा दिवस हा त्यांच्या उपवासाचा पहिला दिवस! त्या दिवशी दिल्लीतील अनेक भोजनालये खास 'व्रत की थाली' मांडतात. तीत कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या, शिंगाड्याच्या पिठाचे पदार्थ, समा के चावल, मखाण्याची खीर, आणि सर्वांत मीठ म्हणून सैंधव असते. कांदा-लसूण अर्थातच वर्ज्य. समा के चावल म्हणजे आपली वरी, हे ध्यानात आले की निम्मे परकेपण ओसरते. थाळी रुचकर असते, यात शंका नाही. पण पाडव्याला वरीचे तांदूळ समोर आले की आजीबाई विचारणारच, "आज एकादशी आहे का रे?"

मग त्या दिवशी आपल्याच पंचांगाने चालणारे दिल्लीत कोण आहेत, हे शोधणे सोपे. आंध्र, तेलंगण आणि कर्नाटक यांची उगादी हा आपला पाडवाच होय. कडुलिंबाची फुले, गूळ, चिंच व कैरी यांची त्यांची पचडी आपल्या कडुलिंबाची सख्खी बहीण शोभेल. अशोक रोडवरील आंध्र भवनाचे उपाहारगृह याच लोकांचे. तेथे पैसे भरून आपली पाळी येईपर्यंत उभे राहावे, मग भात, पप्पू, सांबार, रसम आणि पूड-तूप पुरे म्हणेपर्यंत वाढले जाते. श्रीखंड नव्हे, परंतु उपवासही नव्हे. कस्तुरबा गांधी मार्गावर 2013 साली सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन आहे, कोपर्निकस मार्गावर जुने आहे. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे. या ठिकाणी सणाच्या दिवशी बाहेरच्या माणसास पान मिळेल का, हे आदल्या दिवशी दूरध्वनीवर विचारून ठेवावे. सदनाच्या दारी ओळखपत्र लागण्याचा संभव असतो, तेही खिशात असू द्यावे.

कधी कधी एकाच आठवड्यात या नगरात तीन-तीन पंचांगे एकमेकांस भेटतात. 2025 साली पाडवा 30 मार्चला आला आणि ईद दुसऱ्याच दिवशी, 31 मार्चला. म्हणजे एका वसाहतीत नवरात्राचे कडक उपवास, दुसरीकडे उगादीचे भोजन, आणि जामा मशिदीसमोरच्या मटिया महालात रमझानची अखेरची संध्याकाळ. तेथील करीमची खानावळ 1913 सालची. सामिष खाणाऱ्या पाहुण्याने अशा वेळी सूर्यास्तानंतर तिकडे जावे. मात्र गर्दीची सवय नसलेल्या वृद्धांना नेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आश्विनातील नवरात्रात तर हा विरोधाभास अधिकच मौजेचा होतो. दिल्लीचा एक मोठा भाग नऊ दिवस उपवास करतो आणि अष्टमी किंवा नवमीला कन्यापूजन करून शिरा, पुरी व काळे हरभरे यांनी तो सोडतो. त्याच वेळी दक्षिणेकडील चित्तरंजन पार्कात दुर्गापूजेच्या मांडवांबाहेर मासळी आणि मटण यांचे ठेले लागलेले असतात! पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. त्यांची देवी माहेरी आलेली, मग लेकीच्या आगमनात उपवास कशाला? दुपारी मांडवात खिचडी, मिसळीची भाजी, चटणी आणि पायस यांचा भोग मिळतो. तो निरामिष असतो, आणि परक्या पाहुण्यालाही पंक्तीत जागा मिळते. दिल्लीत सणाचे इतके घरगुती जेवण अनोळखी माणसाला क्वचितच लाभते.

श्रावणाविषयी दोन शब्द. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेतील पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. श्रावणाचा वद्य पक्ष पाळणाऱ्या मराठी प्रवाशाने दिल्लीकरही पाळत असतील असे गृहीत धरू नये. तेथे भाद्रपद लागलेला असतो. कांदा-लसूण नको असेल तर ते स्वयंपाक्याला स्पष्ट सांगावे, किंवा चांदणी चौकातील पराठेवाली गल्ली गाठावी. तेथील जुनी दुकाने कांदा-लसणावाचून पराठे तळण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

उरली धुळवड. त्या दिवशी दिल्लीची मेट्रो दुपारी अडीचपर्यंत धावत नाही, अशी अलीकडच्या वर्षांची रीत आहे. बहुतेक दुकानेही तोवर उघडत नाहीत, आणि खोल्यांतून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे डबेवाले बहुधा गावी गेलेले असतात. 'दिल्लीतच आहे' म्हणून सांगितलेले भोजनालय कित्येकदा गुरुग्रामात किंवा नोएडात, म्हणजे दुसऱ्या राज्यात निघते, हेही याच दिवशी कळते. तेव्हा आदल्या संध्याकाळी फळे, दही आणि गुजिया आणून ठेवाव्या, आणि बाहेरचे जेवण रात्रीवर टाकावे.