गाण्याच्या शाळेचे छप्पर

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे उत्तरायुष्य नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात गेले, हे नाशिककर अभिमानाने सांगतात. त्याच काळात मुंबईत काय घडले, याची आठवण मात्र क्वचितच निघते. बुवांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर न विसंबता देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर. 1908 मध्ये ते मुंबईला आले आणि विद्यालयासाठी कर्ज काढून स्वतःची इमारत बांधली. ते कर्ज फिटले नाही आणि 1924 मध्ये इमारत लिलावात गेली. विद्यार्थी होते, गुरू होता, लोकांचे प्रेमही होते; डोक्यावरचे छप्पर तेवढे सावकाराकडे गहाण होते. गाण्याची शाळा गुरूच्या बळावर उभी राहते, पण पिढ्यान् पिढ्या चालायची तर तिची वास्तू एका माणसाच्या कर्जावर नव्हे, समाजाच्या मालकीवर उभी असावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

याचा पुरावा लखनौत मिळतो. नवाब वाजिद अली शाह (कारकीर्द 1847 ते 1856) याने उभारलेल्या कैसरबागेत परीखाना नावाची वास्तू होती. तिथे निवडलेल्या मुलींना गाण्याचे आणि नाचाचे शिक्षण मिळे, पण ते एका नवाबाच्या दरबारासाठी. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले, नवाबाची रवानगी कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला झाली आणि दरबार विस्कटला. पुढे मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली आदींच्या साहाय्याने 1926 मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज स्थापन केले आणि ते याच परीखान्यात नांदले. 1966 मध्ये राज्य सरकारने ते ताब्यात घेऊन त्याला भातखंड्यांचे नाव दिले. आज ते विद्यापीठ आहे. खैरागडच्या राजा-राणीने तर 1956 मध्ये आपला राजवाडाच संगीत विद्यापीठाला दिला आणि त्याला दिवंगत कन्या इंदिरा हिचे नाव दिले. लखनौचे प्राचार्यपद दीर्घकाळ भूषवणारे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे या विद्यापीठाचेही कुलगुरू झाले.

यावर कोणी म्हणेल, गाणे गळ्यात असते, भिंतीत नव्हे. मुंबईची इमारत गेली तरी बुवांची परंपरा थांबली नाही. शिष्यांनी 1931 मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. हे खरेच आहे. पण त्यांच्यापैकी देवधरांना 1925 मध्ये मुंबईत आणि विनायकबुवा पटवर्धनांना 1932 मध्ये पुण्यात पुन्हा पायापासून आरंभ करावा लागला, हेही तितकेच खरे. शिवाय नव्या शिक्षणपद्धतीला वर्गच लागतो. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब. एवढ्या खुणा फळ्यावर काढल्या की समोर बसलेल्या सगळ्यांना एकच बंदिश एकाच वेळी शिकता येते. त्यासाठी फळा, बैठक, जुळवलेले तानपुरे आणि उद्याही तीच खोली मिळेल ही खात्री हवी.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: अशा शाळांतून पदवीधर निघतात, गवई नाहीत. वर्गातली तालीम गुरूजवळच्या सहवासाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, हे मान्य. तरी के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी हे रातंजनकरांच्या लखनौच्याच तालमीत घडले. कारण तिथे वर्ग आणि सहवास एकाच आवारात होते. आणि प्रत्येक विद्यार्थी गवई होणे हे शाळेचे एकमेव माप नाही. जाणता श्रोता आणि चांगला शिक्षकही तिथेच तयार होतो. राहिला सरकारी दप्तरदिरंगाईचा धोका. त्यावर संस्थेला स्वायत्तता द्यावी. वास्तू मात्र पुन्हा खासगी कर्जाच्या हवाली करू नये.

परीखान्यात एकेकाळी नवाबाने निवडलेल्या मुलींनाच प्रवेश होता. आज तिथे कोणत्याही घरची मुलगी अर्ज भरून जाऊ शकते. मला हा बदल वास्तूच्या जतनाहूनही मोठा वाटतो. नाशकात पेशवेकालीन सरकारवाडा आहे, गोदाकाठी जुने वाडे आहेत, आणि त्यांतले कित्येक मोडकळीला आले आहेत. त्यांपैकी सार्वजनिक मालकीची एक वास्तू, स्मारकाचे नियम पाळून, संगीतशिक्षणाला कायमची द्यावी. ज्या शहराने पलुस्करबुवांना आसरा दिला, त्याने त्यांच्या विद्येलाही हक्काचे घर देणे हे त्याचे कर्तव्य आहे.