पडद्यामागचा बिनतारी कारभार

शालेय स्नेहसंमेलनातील नाट्यप्रयोग पाहणाऱ्या पालकांस रंगमंचावरील पात्रे तेवढी दिसतात. परंतु विंगेत पडद्याची दोरी धरून उभा असलेला मुलगा, प्रेक्षागृहाच्या मागील टोकास दिव्यांची बटणे सांभाळणारी मुलगी, ग्रीनरूमच्या दारी पुढील प्रवेशाची पात्रे जमविणारे शिक्षक आणि या सर्वांस हुकूम देणारा रंगमंच-व्यवस्थापक यांचा परस्परांशी संबंध तुटला, तर कसून बसविलेला प्रयोगही क्षणार्धात विस्कळीत होतो. मोठ्या नाट्यगृहांत हा संबंध राखण्यासाठी तारेने जोडलेल्या हेडसेटची व्यवस्था असते. शाळेच्या तुटपुंज्या तरतुदीत ती बसत नाही, म्हणून स्वस्त बिनतारी साधनांचा विचार क्रमप्राप्त ठरतो.

त्यांत सर्वांत सुटसुटीत साधन वॉकी-टॉकी. मात्र स्वस्त मिळणारा प्रत्येक संच शाळेने घ्यावा असा नसतो. रेडिओलहरींचा वापर आपल्याकडे परवान्याच्या अधीन असून, २०१८ च्या नियमांनी वॉकी-टॉकीसारख्या अल्पशक्तीच्या संचांस जी परवानामाफी दिली, ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यापुरती आहे. हव्या त्या वारंवारितेवर बोलू देणारे अधिक शक्तीचे संच किमतीने मोहक असले, तरी ते या मुभेबाहेर पडतात. सबब वारंवारिता आणि सरकारी उपकरण-मान्यता यांची खातरजमा केल्याविना खरेदी करू नये. अर्ध्या वॅटचा संच एका सभागृहास पुरेसा होतो.

या संचावर एका वेळी एकालाच बोलता येते, आणि हा वरवर दोष वाटणारा गुणधर्म विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उपकारकच आहे. बटण दाबून क्षणभर थांबल्याशिवाय बोलल्यास पहिले अक्षर गिळले जाते, आणि एकाने गप्पांत वाहिनी अडविली की दुसऱ्याची निकडीची सूचना पोहोचतच नाही. त्यामुळे मितभाषण ही तेथे शिष्टाचाराची नव्हे, तर कामाची अट होऊन बसते. ‘दिवा सात, तयार’ अशी पूर्वसूचना द्यावी, पलीकडून ‘तयार’ एवढेच उत्तर यावे, आणि नेमक्या क्षणी ‘दिवा सात, घे’ असा हुकूम सुटावा. ‘घे’ हा शब्द इतर कोणत्याही प्रसंगी वाहिनीवर उच्चारू नये, असा शिरस्ता पहिल्या तालमीपासून पाडावा. कानातील इअरफोन आवश्यकच, अन्यथा विंगेतील हुकूम पहिल्या रांगेस ऐकू जातो. आवाजाने आपोआप चालू होणारी सोय मात्र बंद ठेवावी, कारण पार्श्वसंगीताचा कल्लोळ तिला बोलणेच वाटते.

दुसरा मार्ग घरोघरी पडून असलेल्या जुन्या स्मार्टफोनांचा. इंटरनेट नसलेला साधा वाय-फाय राउटर, एक जुना लॅपटॉप आणि ‘मम्बल’सारखी मोफत संभाषण-प्रणाली यांवर अनेकांस एकाच वेळी बोलता-ऐकता येते, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. फोन विमान-अवस्थेत ठेवून केवळ वाय-फाय चालू करावे, म्हणजे ऐन प्रवेशात कोणाच्या मावशीचा फोन येणार नाही. उणीव अशी की, रिकाम्या सभागृहात निर्दोष चाललेली ही यंत्रणा प्रेक्षक येताच अडखळू शकते. वाय-फायच्या लहरी मानवी देहात शोषल्या जातात, आणि शेकडो प्रेक्षकांचे फोनही त्याच पट्ट्यांत गजबज माजवितात. यास्तव राउटर प्रेक्षकांच्या डोक्यांहून उंच, रंगमंचाच्या बाजूस बसवावा आणि शक्य तेथे पाच गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा.

दोहोंपैकी कोणतेही साधन घेतले तरी बॅटरी दगा देण्याची शक्यता गृहीत धरूनच बंदोबस्त करावा लागतो. प्रत्येक मुलाजवळ त्याच्या कामांची क्रमवार लेखी यादी असावी, पडद्याच्या दोरीशी तारेने जोडलेला इशाऱ्याचा एक लहान दिवा असावा, आणि एक संपूर्ण तालीम संच मुद्दाम बंद ठेवून घ्यावी. त्या तालमीत जी मुले गोंधळतात त्यांना अधिक महाग उपकरणाची नव्हे, अधिक सरावाची गरज असते. हे ज्या शाळेस उमगले, तिला स्वस्त संच पुरतात.