रांजणगावचा विंचू

धंतोलीतल्या इस्पितळांपुढे उभ्या वाहनांतून वाट काढताना मला वेगाच्या गप्पा हास्यास्पदच वाटतात. तरीही फियाटच्या अबार्थ पुंटोने भुरळ घातली खरी! 2006 साली ग्रँड पुंटोच्या रॅली-मोटारीने जिआनडोमेनिको बासोला युरोपीय विजेतेपद मिळवून दिले होते. त्याच घराण्यातली, विंचवाचे चिन्ह मिरवणारी ही हॅचबॅक पुण्याजवळच्या रांजणगावी बनून ऑक्टोबर 2015 मध्ये बाजारात आली. 1.4 लिटरचे टर्बो इंजिन, 145 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. वळणावर झुकू नये म्हणून तिची जमिनीपासूनची उंची 185 वरून 155 मिलिमीटरवर आणली. आमच्या गतिरोधकांना ते कोण सांगणार? शिवाय आपल्याकडे पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ हाच. दहा लाखांची ही गाडी फारशी खपली नाही. पुढे फियाटने इथली मोटारविक्रीच थांबवली. रांजणगावी आता जीप बनतात.