मुलासकट विसावा

वेळासला पोचल्यावर आम्ही पहिलं काम काय केलं असेल, तर लाल प्लास्टिकच्या एका खुर्चीला भोक पाडलं. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी बैठकीवर डबा पालथा ठेवून खडूने गोल आखला, चुलीत तापवलेली सळई टेकवून चार ठिकाणी भोकं केली आणि मग करवतीचं पातं आत घालून गोल कापून काढला. "बरोबर मध्यावर येऊ द्या काका, नाहीतर पोरगं कलंडेल," असं आमच्यातला एक बाप तीनदा सांगून गेला. कापलेल्या कडेला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, म्हणजे मांडीला धार लागायला नको. खुर्ची संडासात भांड्यावर नेऊन ठेवली आणि आमच्यातल्या चार कुटुंबांचा जीव भांड्यात पडला. या वाक्यावर त्या रात्री आम्ही खूप हसलो.

मंडणगड तालुक्यातलं वेळास लोकांना दोन कारणांनी माहीत असतं. एक नाना फडणवीसांमुळे आणि दुसरं कासवांमुळे. आम्ही ते निवडलं त्याचं कारण फार साधं होतं. इथे हॉटेल नाही, माणसं घरात ठेवून घेतात. हॉटेलात आमची मुलं ओरडली की शेजारच्या खोलीतून फोन जातो. घरात ओरडली तर आतून कुणीतरी विचारतं, भूक लागली का?

आम्ही डोंबिवली-ठाण्याकडची नऊ कुटुंबं. कुणाचं मूल सेरेब्रल पाल्सीचं, कुणाचं स्वमग्न, माझी लेक डाऊन सिंड्रोमची. संस्था नाही, फलक नाही, दीपप्रज्वलन नाही. ओळख झाली ती थेरपीच्या बाहेरच्या बाकड्यावर. मुलांना सांभाळायला कॉलेजातली आठ मुलंमुली बरोबर घेतली होती आणि नियम एकच होता. जेवताना कुठल्याही आईच्या शेजारी तिचं मूल बसणार नाही. पहिल्या रात्री तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी आली. माझ्या समोरची बाई भाकरी हातात घेऊन नुसतीच बसली होती. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "गरम आहे गं." बारा वर्षांत पानातलं गरम खाल्लं नव्हतं तिने.

अशा शिबिरांची कल्पना बाहेरून आली, पण ती ज्या अपमानातून आली तो आपल्यालाही अनोळखी नाही. १९६८ साली एक फ्रेंच जोडपं आपल्या दोन तीव्र अपंग मुलांना घेऊन लूर्दच्या यात्रेला गेलं. कुठे जागा मिळेना. शेवटी एका हॉटेलने ठेवून घेतलं, पण इतर पाहुण्यांना त्रास नको म्हणून जेवण खोलीतच घ्यायचं या अटीवर. त्यातून १९७१ च्या ईस्टरला मारी-हेलेन मात्यू आणि झाँ व्हानिए यांनी एक यात्राच उभी केली. १५ देशांतून १२ हजार माणसं आली आणि त्यांतली ४ हजार बौद्धिक अक्षमता असलेली. 'फेथ अँड लाइट' ही चळवळ तिथून सुरू झाली आणि मूल, आईबाप, मित्र यांनी एकत्र राहण्याच्या बैठका जगभर पसरल्या. पुढे व्हानिएंच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये जाहीर झालेल्या चौकशीत त्यांनी स्त्रियांचं शोषण केल्याचं उघड झालं. ते झाकून ही गोष्ट सांगू नये. पण खोलीत जेवायला लावलेल्या त्या आईबापांचं दुःख त्याने खोटं ठरत नाही. लग्नाच्या हॉलवर 'तिला इथेच ताट आणून देते हं' असं गोड आवाजात मीही ऐकलेलं आहे.

आपल्याकडे पालक एकत्र आले ते वेगळ्या भीतीने. आमच्यामागे याचं काय? या प्रश्नावर १९९० मध्ये पालकांनीच 'आधार' संस्था काढली आणि बदलापूरला प्रौढ मतिमंद मुलांसाठी कायमचं घर उभं केलं. १९९५ मध्ये देशभरातल्या पालक संघटनांचा 'परिवार' हा महासंघ झाला. पालकांच्या रेट्यामुळे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला आणि अठरा वर्षांवरच्या मुलांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय झाली. 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना त्याच न्यासाची. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले होते. म्हणजे लाखो घरांत, निदान कागदावर तरी, कुणीतरी रात्री जागं असणार.

न्यासाच्या 'समर्थ' योजनेत मुलाला काही दिवस निवासी केंद्रात ठेवायची सोय आहे, आईबापांना उसंत मिळावी म्हणून. चांगलीच आहे. आजारपणात, बाळंतपणात तिच्याशिवाय गत्यंतर नसतं. पण मुलाला कुठेतरी ठेवून आपण विसावा घ्यायचा, या रचनेशी माझं भांडण आहे. दोन वर्षांपूर्वी लेकीला एका केंद्रात तीन रात्री ठेवलं होतं. तिन्ही रात्री मी फोन उशाशी घेऊन टक्क जागी. मला विसावा हवा होता तो मुलासकट. ती दिसत राहावी, हाकेच्या अंतरावर असावी, पण तिची पँट बदलायला पाच मिनिटं दुसऱ्या कुणीतरी उठावं. अशा विसाव्याला सरकारी फॉर्ममध्ये रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या वाडीतली एक आजी नातवाला कडेवर घेऊन आली. नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सीचा, मान धरत नाही. बाप मुंबईला, आई माहेरी गेली ती आलीच नाही. आमच्या व्हीलचेअरना तिने हात लावून पाहिलं. थेरपी हा शब्द तिने ऐकलेला नव्हता, पण पोराचे पाय रोज खोबरेल लावून ती ज्या पद्धतीने चोळत होती ते पाहून आमच्यातली फिजिओथेरपिस्ट गप्पच झाली. प्रमाणपत्रासाठी रत्नागिरीला जायला लागेल म्हणतात, आजी म्हणाली. मंडणगड हे जिल्ह्याचं उत्तर टोक. रत्नागिरी इथून खूप लांब. दिव्यांगाला एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण ती प्रमाणपत्र मिळाल्यावर. आणि ते आणायला जाताना ती नाही.

आमच्या मुलांना डॉक्टर मिळाले, आजी मिळाली नाही. त्या पोराला आजी मिळाली आणि बाकी काहीच नाही. कुणाचं बरं, हा हिशेब आम्ही तिथेच सोडून दिला.

पहाटे समुद्रावर जायचं होतं. वाळू लागली तशी व्हीलचेअरची पुढची चाकं रुतली. मग युक्ती अशी की खुर्ची उलटी फिरवायची, मोठी चाकं पुढे घ्यायची आणि पुढून दोरीने ओढायची. गावातले दोन तरुण बैलासारखे जुंपून घेऊन धावले आणि खुर्चीतला पोरगा असा खिदळला की सुरूच्या झाडांवरचे बगळे उडाले.

इथे २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने, भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला घेतली. त्याआधी ती कोल्ह्या-कुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या पोटात जायची. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालते. ती उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुरतात आणि पन्नासेक दिवसांनी वर आलेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. कार्यकर्ता हे सगळं सांगत होता. मादी अंडी घालून जाते ती परत फिरकत नाही, पिल्लांना आई कधी दिसत नाही, असंही म्हणाला. गर्दीतून 'अरेरे' आलं. आमच्यातली एक, जिचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि अजून तिच्या हातूनच जेवतो, हळूच म्हणाली, "सुटली बिचारी." आम्ही चौघीजणी तोंडावर पदर, ओढणी, जे हाताला लागेल ते दाबून हसत राहिलो. लोक रागाने वळून बघायला लागले. नेहमी आमच्या मुलांकडे बघतात तसे. माझी लेक दोरीला धरून ओणवी झाली होती आणि प्रत्येक पिल्लाला नाव ठेवत होती. सगळ्यांचं नाव एकच, तिचं स्वतःचं.

निघायच्या वेळी आजी परत आली. सगळ्यांच्या पिशव्या गाडीत चढेपर्यंत ओटीच्या पायरीवर थांबली, मग काकांना बाजूला घेऊन विचारलं, "ही भोकाची खुर्ची मुंबयवाले न्हेनार काय?"

काकांनी ती विहिरीवर नेऊन घासली, उन्हात वाळवली. ट्यूब एका बाजूने सुटली होती ती सुतळीने पुन्हा बांधली. आम्ही निघालो तेव्हा लाल खुर्ची रिक्षाच्या टपावर पालथी बांधून बाणकोटच्या रस्त्याला लागली होती, आणि आत आजीच्या मांडीवर नातू.