आचारभेद आणि विटाळ

"त्याइचे नेम अल्लग हायेत, म्हून ते आपल्या इथं जेवत नाइत." तिवस्याला शिकवताना विद्यार्थ्यांच्या तोंडून हे स्पष्टीकरण मी नेहमी ऐकतो. परंतु नियमांतला भेद आणि विटाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घेण्यासाठी ज्यू धर्मशास्त्रातील एक चर्चा उपयोगी पडते.

आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी तोराची आज्ञा आहे (लेवीय १९:१४). शास्त्रकारांनी तिचा अर्थ व्यापक केला. दारू न पिण्याचे व्रत घेतलेल्याच्या हाती पेला देणे, हेही अडखळणच. मग गुरुपरंपरेमुळे दोघांचे नियमच भिन्न असतील तर?

हिलेल आणि शम्माय यांचे संप्रदाय कोणता विवाह वैध यावरही भांडत. तरीही, मिश्ना सांगते, त्यांनी परस्परांत सोयरीक थांबवली नाही, एकमेकांची भांडी वर्ज्य मानली नाहीत. तालमूद याचा उलगडा करते: दुसऱ्याला निषिद्ध असेल ते एकमेकांना आधीच कळवीत. सोळाव्या शतकात क्राकोच्या मोशे इस्सर्लेस यांनी कडक आचाराच्या माणसाला सैल आचाराच्या घरी जेवायला मुभा दिली. कारण यजमान त्याला निषिद्ध ते वाढणार नाही, हा विश्वास. उलट, कडक माणसाने सैल माणसाला मदत करावी का, यावर मतभेद आहेत. पण मान्य गुरूच्या निर्णयाने वागणारा 'आंधळा' नव्हे, असे अनेक पंडित मानतात.

हे शास्त्र जन्मापाशी कसे अडते, तेही पाहिले पाहिजे. कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते 'शनवार तेली'. त्यांच्यातच 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. दोहोंत बेटीव्यवहार नव्हता, एका ताटात जेवणही टाळले जाई. पुढे हेच लोक इस्रायलला गेले. त्यांच्या पूर्वजांचे घटस्फोट शास्त्रोक्त झाले होते का, अशी शंका तिथे काढण्यात आली. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहापूर्वी आई-आजीकडील पिढ्या तपासण्याचा आदेश काढला. मुद्दा आचाराचा होता, तपासणी मात्र रक्ताची झाली. बेने इस्राएलांनी आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच सांगितला, तो याच कारणाने. बेटीबंदी हा आचार नव्हे, जातीची तटबंदी आहे.

उपवास करणाऱ्या पाहुण्यासाठी आपण साबुदाणा भिजवतो, मांस न खाणाऱ्याचे वेगळे रांधतो. ते अवश्य करावे, त्यात कमीपणा नाही. पण आपल्या घरचा चहाच कोणी नाकारला, तर त्याला शांतपणे विचारावे: या कपातले नेमके काय तुमच्या नियमात बसत नाही? पदार्थाचे नाव सांगता आले, तर तो नियम. सांगता आले नाही, तर तो विटाळ.