स्टॅबिलायझर लावल्याने गाणे गोड होते काय?



सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे चार पैसे हाती आले की घरात एखादी नवी वस्तू येते. कोणी भजने ऐकण्यासाठी मोठे स्पीकर घेतो, कोणी जुना टेप-रेडिओ दुरुस्त करून घेतो. मग कोणीतरी सांगतो, "आपली लाईन खराब आहे. स्टॅबिलायझर लावा, फिल्टर लावा, आवाज एकदम मोकळा होईल." ही सूचना खरी की खोटी? अमडापूरसारख्या गावात, जिथे एकीकडे गावठाणातील घरे आणि दुसरीकडे मळ्यातील पंप आहेत, तिथे या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. रोग ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हा नियम येथेही लागू आहे.

प्रथम सेटच्या पोटात काय चालते ते पाहू. घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते व ती सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. स्पीकरला ती तशी चालत नाही. ॲम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो, डायोड तिला एका दिशेने वळवतात आणि कंडेन्सर तिचे चढउतार सपाट करतो. पाटाचे पाणी आधी हौदात घेऊन मग सारख्या धारेने सोडावे, तसेच हे काम आहे. हौद शाबूत असेल तर पाटातील बारीक लाटा पिकाला कळत नाहीत. चांगल्या सेटमध्ये वीज स्वच्छ करण्याची सोय आधीच असते. म्हणून दाब ठीक असेल तर बाहेरून आणखी एक यंत्र लावून आवाजात सहसा काहीही फरक पडत नाही.

मग फरक कधी पडतो? दाब फार खाली गेला तर. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा होती. २३० व्होल्टला हा हिशेब २१६ ते २४४ असा येतो. रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत शेतीच्या डी.पी.वर एकाच वेळी अनेक पंप सुरू होतात आणि दाब याच्या खूप खाली येऊ शकतो. गावठाणाची वाहिनी वेगळी असेल तर गावातील घराला याची झळ कमी लागते. मळ्यातील घराला जास्त लागते. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरला २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर त्याची कमाल ताकद १०० वरून सुमारे ६१ वर येते. आवाज मोठा केला की तो फाटतो. येथे स्टॅबिलायझरचा उपयोग आहे. मात्र हळू आवाजात ऐकणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. नव्या सेटच्या अडॅप्टरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे छापलेले असेल तर तो कमी दाब स्वतःच सांभाळतो. त्याला स्टॅबिलायझर जोडणे म्हणजे ओल्या रानाला पुन्हा पाणी देणे होय.

आता खरखर, टकटक आणि घरघर यांचा विचार करू. या तिन्हींची मुळे निरनिराळी आहेत.

मिडियम वेव्हवर आकाशवाणी लावली आणि सेकंदाला एक अशी टकटक ऐकू आली, तर रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनकडे लक्ष द्या. तारेचा एखादा जोड सैल असेल किंवा तारेला ओले गवत लागत असेल तर तेथे ठिणगी उडते व रेडिओ ती पकडतो. स्वस्त एल.ई.डी. दिवेही अशीच खरखर करतात. याची परीक्षा सोपी आहे. रेडिओ मेनवरून काढून सेलवर लावा. खरखर थांबली तर ती तारेवाटे येत होती. तेथे फिल्टर उपयोगी पडेल. सेलवरही ती चालूच राहिली तर ती हवेतून येत आहे, आणि कितीही महाग फिल्टर लावला तरी जाणार नाही. रेडिओची दिशा बदला, दिवा बदला किंवा कुंपणाचा जोड घट्ट करा.

स्पीकरमधून सतत जाड घरघर येत असेल तर सेटचा कंडेन्सर थकलेला असू शकतो. तो बदलायला स्टॅबिलायझरइतका खर्च येत नाही. डिशची केबल जोडली की घरघर सुरू होते आणि काढली की थांबते, असे असेल तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये घोटाळा आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच गुणगुण येत असेल तर तो चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असावा. दोष लाईनचा नाही.

येथे एक कळकळीची सूचना. घरघर थांबावी म्हणून काही जण प्लगची जाड अर्थिंगची पिन काढून टाकतात. घरघर थांबते, पण उद्या सेटच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायची वाट उरत नाही. मग ती वाट बटण दाबणाऱ्या लेकराच्या अंगातून जाते. आवाज थोडा खराब राहिला तरी चालेल, ही पिन काढू नका.

स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर दाब वाढल्यावर वीज तोडणारा घ्या. थ्री-फेज लाईनची न्यूट्रल तार तुटली की घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्ट येऊ शकतात आणि गावातील टी.व्ही., पंखे एकदम जळतात. असा संरक्षक सेट वाचवू शकतो. ते काम गाणे गोड करण्याहून मोलाचे आहे. विजेच्या कडकडाटात मात्र त्याचा भरवसा धरू नका. मृगाचे ढग दिसले की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा.

तरीही विक्रेता म्हणेल, "कानांनी ऐका, फरक कळेल." जरूर ऐका, पण प्रयोगाच्या प्लॉटसारखे ऐका. नवे खत टाकताना आपण शेजारी एक पट्टा बिनखताचा ठेवतो ना? तसेच मुलाला सांगा की नाणे उडवून कधी यंत्र लाव, कधी काढ, पण मला सांगू नको. आवाजाची कळ हलवू नका, कारण किंचित मोठा आवाजही कानाला गोड लागतो. गाणे सुरू होईपर्यंत खोलीबाहेर थांबा आणि दहा वेळा ओळखा. अंदाजाने साधारण पाच बरोबर येतातच. नऊ किंवा दहा बरोबर येणे नुसत्या नशिबाने शंभरात जेमतेम एकदा घडते. तेवढे आले तर यंत्र घ्या, नाही तर नमस्कार करून परत द्या.

आणि पैसे? ते आधी येथे लावा. परवानाधारक वायरमनकडून घराचा दाब सकाळी व रात्री मोजून घ्या. अर्थिंग तपासा, अडीच मीटर पाईप, कोळसा व मीठ घालून केलेली अर्थिंग असेल तर उन्हाळ्यात तिला पाणी घाला. सैल जोड घट्ट करा. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे स्विच बसवा. मळ्यात पंपाला योग्य कपॅसिटर जोडा आणि ऑटो-स्विच काढा, म्हणजे वीज येताच सर्व पंप एकदम उठणार नाहीत व शेजाऱ्याचाही दाब टिकेल. एवढे करूनही दाब पडत असेल तर मोजलेले आकडे लिहून महावितरणकडे अर्ज द्या.

एवढे केल्यावर भजन पूर्वीपेक्षा गोड वाटेल किंवा वाटणारही नाही. पण ते लावायला घरातील कोणीही निर्धास्तपणे बटणाला हात लावू शकेल.