चाळणी आणि पायरी
१९७३ मध्ये अमेरिकेनं सक्तीची लष्करभरती थांबवली. येणारा प्रत्येक जण आता स्वखुशीनं येणार होता, तरी गळती मोठीच राहिली. पहिला करार पुरा होण्याआधीच साधारण तिघांतला एक जण बाहेर पडे, आणि त्यातले कितीतरी पहिल्या सहा महिन्यांतच.

यावर सापडलेली पहिली चाळणी म्हणजे शाळेचा दाखला. बारावीपर्यंत शाळा पुरी केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रंगरूट तीन वर्षं टिकत; शाळा अर्धवट सोडलेल्यांपैकी जेमतेम निम्मे. बाहेरून समकक्ष परीक्षा देऊन पास झालेली मुलंही शाळा सोडलेल्यांच्याच वाटेनं जात, हे त्याहून बोलकं. हुशारीत ती कमी नव्हती. कंटाळा आला तरी रोज वर्गात जाऊन बसायची सवय तेवढी नव्हती, आणि दाखला मोजत होता ती हीच चिकाटी.

१९८० मध्ये भूदलाच्या नव्या भरतीत दाखलेवाले ५४ टक्केच होते. पुढं पगार वाढले, शिक्षणासाठी पैसे मिळू लागले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण नव्वदीपार होतं. गळती मात्र तिथंच राहिली. १९९७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी संस्थेनं दुखण्यावर बोट ठेवलं: मुलं जुने आजार लपवून येतात, अंगात ताकद न कमावताच दाखल होतात. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याची शाबासकी त्यानं किती जण आणले यापेक्षा किती जणांनी प्रशिक्षण पुरं केलं यावर ठरवा, असंही तिनं सुचवलं.

तयारीचा विचार त्याआधीही झाला होता. १९७९ च्या सुमारास सॅन दिएगोच्या मरीन तळावर नव्या मुलांना एक फिल्म दाखवून पाहिली: पुढं काय वाढून ठेवलंय आणि त्याला तोंड कसं द्यायचं. २००५ पासून भूदल जाडजूड उमेदवारांना पाच मिनिटं पायरीवर चढ-उतार करायला लावू लागलं. त्यात तरणारे बाकीच्यांच्या बरोबरीनं टिकले. वजनकाट्यानं घरी धाडलेली मुलं पायरीनं आत घेतली.

२०२२ मध्ये ६०,००० च्या लक्ष्याला भूदल १५,००० नं कमी पडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फोर्ट जॅक्सन या तळावर पूर्वतयारीचा वर्ग सुरू झाला: वजन किंवा प्रवेशपरीक्षेचे गुण थोडक्यात हुकलेल्यांना मूलभूत प्रशिक्षणाआधी जास्तीत जास्त ९० दिवस. रांग मोठी होती तोवर चाळणीवर भागलं; रांग आटली, तेव्हा पायरी बांधावी लागली.